ठोका कोणाचा, गाणं कोणाचं?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

कोणी शेतातून नुकत्या आल्या असाल, कोणी भाकरी थापत असाल, कोणी उद्याच्या वेचणीसाठी ओटी शिवत असाल. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज ‘जंगल’ नावाच्या संगीताबद्दल बोलायचं आहे. माझी भाची यवतमाळला शिकते. सुट्टीत आली की कानात ते बोंडूक घालून बसते. एक दिवस मी विचारलं, “काय ऐकतं वं?” म्हणाली, “आत्या, जंगल.” मला वाटलं टिपेश्वरच्या जंगलातले पक्षी ऐकत असेल. तिने एक बोंडूक माझ्या कानात घातलं आणि मी दचकले. कोणी तरी पत्र्यावर मूठभर फुटाणे फेकावेत असा तो ठोका! खाली मात्र एक जाड, संथ घुमणारा आवाज. पहिल्या मिनिटात डोकं भणभणलं. पाचव्या मिनिटाला बघते तर पायाचा अंगठा आपोआप हलत होता.

मग मी तिच्याकडून आणि इकडून तिकडून या संगीताची माहिती काढली. त्यातून एक गोष्ट हाती लागली. ती तुमच्या-माझ्या गाण्यांशी, आपल्या भुलाबाईच्या गाण्यांशी येऊन भिडते. म्हणून आज बोलतेय.

आधी हे संगीत आहे काय ते समजून घेऊ. याला इंग्रजीत ‘ड्रम अँड बेस’ म्हणतात आणि त्याच्या थोरल्या बहिणीला ‘जंगल’. ड्रम म्हणजे ढोल-ताशाचा ठोका. बेस म्हणजे खर्ज, अगदी खालचा जाड सूर. यात मुख्य ही दोनच माणसं, बाकी सगळे पाहुणे.

गंमत त्यांच्या चालीत आहे. मनगटावर बोट ठेवून नाडी मोजा. निवांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ७० ते ८० पडते. वरातीत नाचायच्या गाण्याचा ठोका मिनिटाला १२०-१३० च्या आसपास असतो. जंगल आणि ड्रम अँड बेसमध्ये तो १६० ते १७५ पर्यंत जातो. आणि तरीही नाचणारा दमून पडत नाही, कारण खालचा खर्ज निम्म्या चालीने जातो. आपल्या खंजिरी भजनात गाणारा संथ गातो आणि खंजिरीवाला दुगुन धरतो ना, तसं. किंवा जातं आठवा. पाळू आपल्या चालीने फिरतं, हातातल्या बांगड्या मात्र झरझर वाजतात. अंग कोणत्या चालीने हलवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

हे संगीत जन्मलं लंडन शहरात, १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांत. पण त्याचं माहेर आहे जमैका. क्रिकेटमुळे वेस्ट इंडिज हे नाव घराघरात माहीत आहे, त्यातलंच हे एक बेट. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला माणसं हवी होती. १९४८ साली ‘विंडरश’ नावाचं जहाज या बेटांवरची माणसं घेऊन इंग्लंडला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं माणसं जात राहिली. आपल्याकडची माणसं पुण्या-मुंबईला जातात तशीच, पोटासाठी. सोबत त्यांनी आपली एक सवय नेली. जमैकात गरीब वस्तीत कोणाला बँड परवडायचा नाही. मग गाडीवर जनरेटर आणि मोठमोठे बॉक्स लादायचे, रस्त्यावर उभे करायचे आणि रेकॉर्ड वाजवायच्या. माईक घेऊन एक जण मधे मधे बोलायचा, नाचणाऱ्यांना चढवायचा. काही ओळखीचं वाटतं का? आपल्या वरातीपुढची डीजेची गाडी तिच्याच गोतातली.

या माणसांची इंग्लंडमध्ये वाढलेली मुलं, त्यांचे गोरे मित्र आणि तिथे असलेली आपल्याकडची पोरं, या सगळ्यांनी मिळून हे संगीत घडवलं. ‘जंगल’ हे नाव नेमकं कसं पडलं याच्या निरनिराळ्या कथा आहेत. पण शब्द मात्र आपलाच. इंग्रजीत हा शब्द गेला तो हिंदी-मराठीतून, इंग्रजांच्या काळात.

आता खरी गोष्ट. या पोरांकडे वाजवणारे नव्हते, महागडी वाद्यं नव्हती. मग ठोका आणायचा कुठून? जुन्या रेकॉर्डमधून. जुन्या गाण्यात दोन-चार सेकंद नुसता ड्रम वाजतो, तेवढा तुकडा यंत्रात घ्यायचा. मग त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे, एकेक थाप सुटी करायची, मागची पुढे, पुढची मागे लावायची, चाल वाढवायची. याला ‘सॅम्पल’ घेणं म्हणतात. आपण गोधडी शिवतो तेव्हा काय करतो? सासूच्या लुगड्याचा काठ, लेकीच्या परकराचा तुकडा, धन्याच्या धोतराचं अस्तर. कापड जुनं, गोधडी नवी. तसंच हे. आणि हे काम सोपं नाही बरं. सात सेकंदांच्या तुकड्यातून सात मिनिटांचं गाणं शिवायला नजर लागते, कान लागतो.

त्यांच्या सगळ्यात जास्त गोधड्यांत कोणतं कापड आहे माहीत आहे? १९६९ साली अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ नावाचा एक बँड होता. त्यांची एक रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं, त्याला तिकडचा मोठा पुरस्कारही मिळाला. मागच्या बाजूला जागा भरायला म्हणून एक गाणं टाकलं, ‘आमेन, ब्रदर’. त्या गाण्याच्या मध्यात सगळे थांबतात आणि एकटा ड्रमवाला वाजवतो. फक्त सोळा मात्रा, आपल्या तीनतालाच्या एका आवर्तनाएवढ्या. साधारण सात सेकंद. वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन.

१९७० मध्ये बँड मोडला. गाणं लोक विसरले. पण १९८० नंतर कोणाच्या तरी हाती ती रेकॉर्ड लागली, ती सात सेकंदं यंत्रात गेली आणि तिथून जगभर पसरली. जंगल संगीताचा तर तो कणाच झाला. आज हजारो गाण्यांत तो ठोका आहे, जाहिरातींत आहे, मालिकांच्या सुरुवातीला आहे. तुम्हीही तो कुठे ना कुठे ऐकला असेल, फक्त ओळखत नसाल.

आणि ग्रेगरी कोलमन? २००६ साली तो अटलांटा शहरात वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. या ठोक्याचे त्याला पैसे मिळाले नाहीत. आपला ठोका जगभर वाजतोय हे त्याला कळलं असण्याची शक्यताच कमी, असं त्याच्या साथीदाराने नंतर सांगितलं. त्या साथीदाराचं नाव रिचर्ड स्पेन्सर, बँडचा मुख्य. त्यालाही १९९६ पर्यंत काही माहीत नव्हतं. कळलं तोवर दावा लावायची मुदत उलटली होती. शेवटी २०१५ साली इंग्लंडमधल्या काही संगीतवाल्यांना लाज वाटली आणि त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली. २४ हजार पौंड जमले, त्या वेळच्या भावाने सुमारे २४ लाख रुपये. ते स्पेन्सरला दिले. कोलमनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

हे ऐकलं तेव्हा मी भाचीला म्हटलं, “म्हणजे चोरच की वं हे!” ती म्हणाली, “आत्या, तसं नाही. त्यांनी ते कापलं नसतं तर तो ठोका मेलाच असता.” तिचंही खरं आहे. जुनं कापड पेटीत ठेवलं तर कसर खाते, गोधडीत आलं तर चार पिढ्या ऊब देतं. पण ज्याचं लुगडं त्याला विचारायला काय हरकत होती? आणि गोधडी बाजारात विकली तर त्याचा वाटा द्यायला?

आपल्याकडची माणसंही या संगीतात मोठी झाली. लंडनमधला तबलावादक तल्वीन सिंग याने तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र आणलं. त्याच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९ साली इंग्लंडचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. त्याच काळात अमेरिकेत एक मराठी नाव पुढे आलं, कर्ष काळे. जन्म १९७४ चा, इंग्लंडमधला, वाढला अमेरिकेत. त्याने तबल्याला बिजलीची जोड दिली, २००१ साली त्याचा ‘रियलाइझ’ हा अल्बम आला. त्याआधी २००० साली ‘ताला मेट्रिक्स’ नावाचा अल्बम आला होता. त्यात हे दोघे होतेच, शिवाय उस्ताद झाकीर हुसेन होते आणि त्रिलोक गुर्टूही होते. त्रिलोक म्हणजे ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या. बघा, लेकरू आईचं गाणं ऐकत वाढलं आणि त्याचा ठोका कुठे पोचला. या अल्बममध्ये तबला वाजवणाऱ्याचं नाव वेष्टनावर छापलेलं आहे. कोलमनच्या आणि यांच्या गोष्टीतला फरक तेवढाच, पण तो फार मोठा आहे.

आणि यात बाया नाहीत असं समजू नका. लंडनमध्ये केमिस्ट्री आणि स्टॉर्म या टोपणनावांच्या दोन मैत्रिणी होत्या, दोघी डीजे. १९९४ साली गोल्डी नावाच्या कलाकारासोबत त्यांनी ‘मेटलहेड्झ’ ही रेकॉर्ड कंपनी उभी करण्यात हात दिला. ती आजही चालू आहे. केमिस्ट्री १९९९ मध्ये गाडीच्या अपघातात गेली, मैत्रीण मात्र वाजवत राहिली. अलीकडे एक तरुण मुलगी गाजतेय, निया आर्काइव्हज. तिचा ‘सायलेन्स इज लाउड’ हा अल्बम एप्रिल २०२४ मध्ये आला. ठोका तोच धावता जंगलचा, पण वर ती स्वतःच्या मनातलं गाते, एकटेपणाबद्दल, घरच्यांबद्दल. भाची हिचीच भक्त आहे. मला विचाराल तर नवख्या कानाने हिच्यापासून सुरुवात करावी. गाणं हाताशी असतं, त्यामुळे ठोक्यात माणूस हरवत नाही.

आता एक सावधगिरी सांगून पुढे जाते. हा खर्ज मोठ्या बॉक्समधून आला की कानाआधी छातीला लागतो. खिडकीची तावदानं थरथरतात ती त्यानेच. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात माणूस आठ तास राहू शकतो असं धरलं जातं. पुढे दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वरातीत बॉक्सला चिकटून नाचणारं लेकरू तिथे तीन तास असतं, हे लक्षात घ्या. कानातली बारीक केसं एकदा गेली की परत येत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला उघड्यावर बंदी आहे, काही ठराविक सणांचे दिवस सोडून. तान्हं बाळ, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं बॉक्सपासून लांब ठेवा. कानात बोंडूक असेल तर आवाज निम्म्याच्या फार वर नको. बस, एवढंच.

आता आपल्या घरची गोष्ट.

दोन वर्षांमागे कोजागिरीला आमच्या गटाच्या बाया भुलाबाईपुढे बसल्या होत्या. आमच्यात एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचा आवाज अजून असा की टाळ्या वाजवणाऱ्या पोरी गप्प होऊन ऐकतात. गावातल्याच एका पोराने मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. कोणी नाही म्हटलं नाही. चहासुद्धा दिला त्याला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी लग्नाला गेलो. वरात निघाली, डीजे सुरू झाला आणि मावशी जागीच थांबल्या. धाडधाड ठोक्यावर त्यांचाच आवाज! दोनच ओळी, पुन्हा पुन्हा, चाल वाढवलेली. मावशी आधी हरखल्या. “अवं, हा तं माहा आवाज हाय!” सगळ्यांना सांगत सुटल्या. आम्हीही नाचलो, खोटं कशाला बोलू. घरी परतताना ऑटोत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “गानं माह्या सासूनं शिकवलं. म्या गायलं. त्यावर नाव कोनाचं हाय?” भाचीने मोबाइलवर शोधलं. नाव होतं त्या पोराच्या डीजेचं. गाणाऱ्या बायांचं नाव कुठेच नव्हतं, ‘जुनं गाणं’ एवढंच लिहिलेलं. ऐकणारे मात्र हजारोंनी.

मला तेव्हा कोलमन आठवला. अंतर कितीही असो, गोष्ट एकच.

मग आम्ही कायदा काय म्हणतो ते विचारून घेतलं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये दुरुस्त्या झाल्या. भुलाबाईचं जुनं गाणं कोणी लिहिलं ते माहीत नाही, ते सगळ्यांचं. त्यावर ना मावशींचा मालकी हक्क, ना त्या पोराचा. कोणीही गावं. पण मावशींनी ते गायलं, ते गाणं ‘सादर करणं’ झालं आणि सादर करणाऱ्याचा हक्क कायद्यात वेगळा आहे. या कायद्यात सादर करणारा कोण याची यादी वाचून आम्ही हसलो. गायक, वादक, नट, नर्तक तर आहेतच, डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. मग गारुड्याला हक्क आणि भुलाबाई गाणाऱ्या बाईला नाही, असं कसं होईल?

हा हक्क ५० वर्षं चालतो. आपल्या संमतीशिवाय आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग करून लोकांत पसरवता किंवा विकता येत नाही. घरच्या घरी ऐकायला किंवा शिकवण्या-अभ्यासासाठी सूट आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली. हे मी गायलंय असं सांगण्याचा, म्हणजे नावाचा हक्क. गाणं मोडून-तोडून आपली बदनामी होईल असं केलं तर त्याला हरकत घेण्याचाही.

लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला मात्र कायद्याने सूट आहे. म्हणजे वाजवणाऱ्या गाडीवाल्याशी भांडायचं कारण नाही. प्रश्न होता तो गाणं तयार करून मोबाइलवर चढवण्याचा आणि त्यावर नाव नसण्याचा.

त्या पोराला आम्ही बैठकीला बोलावलं. रागावलो नाही. गावातलंच लेकरू, बापाकडे दोन एकर कोरडवाहू, डीजेवर घर चालवतो. तो खाली मान घालून म्हणाला, “मावशी, मले वाटलं जुनं गानं हाय, त्याले कोन विचारते.” त्याने तिथल्या तिथे नावं टाकली, सगळ्या आठ जणींची, गावासकट. पैशाचं विचारलं तर त्याने मोबाइल उघडून दाखवला. त्या गाण्याचे म्हणून वेगळे पैसे आलेलेच नव्हते, पण त्या गाण्यामुळे त्याला लग्नाच्या चार सुपाऱ्या जास्त मिळाल्या होत्या. त्यातले काही त्याने आपणहून गटाच्या पेटीत टाकले. मावशी म्हणाल्या, “पैसे राहू दे. पन माह्या सासूचंबी नाव टाक.” तेही टाकलं.

नावं जपण्याचं काम मोठ्या प्रमाणात झालेलंही आहे. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. कोणाच्या मुलाकडे मोबाइल असेल तर ऐका. आपल्या आया-आज्यांची आठवण येईल.

आमच्या गटाने ठरावाच्या वहीत जे लिहिलं, ते तुम्हाला वाचून दाखवते. तुमच्या गटात पटलं तर घ्या.

पहिलं, कोणी रेकॉर्ड करायला आलं तर आधी विचारायचं, हे कशाला हवं, कुठे टाकणार?

दुसरं, रेकॉर्डिंग सुरू झालं की गाण्याआधी एकीने मोठ्याने बोलायचं, गाव कोणतं, तारीख काय, गाणाऱ्या कोण, गाणं कोणाकडून शिकलो. म्हणजे आवाजातच नाव शिवलं जातं, ते कोणी कापलं तर कापल्याचं कळतं.

तिसरं, त्या रेकॉर्डिंगची एक प्रत गटाकडे राहील.

चौथं, विकायचं किंवा मोबाइलवर चढवायचं असेल तर साध्या कागदावर लिहून घ्यायचं, नावं येतील आणि पैसा आला तर वाटा किती. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे.

पाचवं, न विचारता कोणी टाकलंच तर आधी भेटून बोलायचं. ऐकलं नाही तर ते गाणं ज्या ठिकाणी टाकलं तिथेच तक्रार करायची सोय असते, ती शिकलेल्या मुलीकडून करून घ्यायची. तरी भागलं नाही तर तालुक्याला विधी सेवा समितीकडे जायचं. बाईला तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

आणि सहावं मावशींनी लिहायला लावलं. पोरांना गाणं द्यायला नाही म्हणायचं नाही.

यंदाच्या कोजागिरीला तो पोरगा पुन्हा आला होता, या वेळी नीट माईक घेऊन. भाची सोबत बसली होती. दोघांनी मिळून भुलाबाईच्या गाण्याला तो धावता जंगलचा ठोका लावून बघितला. मावशींना ऐकवला. त्या म्हणाल्या, “लय पळते बाप्पा. पन माह्या गान्याले मांगं नाही टाकत.”

तुमच्या गावात कोणती गाणी आहेत? भुलाबाईची, लेंगीची, पोळ्याच्या झडत्या, हळदीची? ती कोणाला येतात, त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत वाचा. जिचं गाणं, तिचं नाव आधी.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.